गिरानातली कनगी

१

दुपारची भाकरी झाली, भांडी राखेनं घासून पालथी घातली, की मालन माजघरात यायची आन् कनगीला पाठ लावून पाय पसरून बसायची. रोजचंच. सातवा महिना लागल्याला, कंबर दुखायची, आन् कनगी कशी गार. बाहेर कितीबी ऊन असू द्या, तिच्या शेनामातीला हात लावला की पान्याच्या रांजनाला हात लावल्यावानी वाटायचं.

आताच्या पोरींना कनगी सांगावी लागती. त्यांचं धान्य पत्र्याच्या कोठीत. कनगी म्हंजी तुरकाठ्यांची विनल्याली, मानसापेक्षा टीचभर उंच, मधी पोटुशा बाईवानी फुगीर. आतून-बाहेरून शेनामातीनं लिपल्याली. बूड जमिनीलाच लिपून टाकायचं, म्हंजी बैल लावला तरी हालायची न्हाई. वर तोंड, त्यावर झाकान. खाली, जमिनीपासून ईतभर, मूठ जाईल एवढं भोक, आन् त्यात चिंध्यांचा बोळा. जवारी पायजे तर बोळा काढायचा, सूप लावायचं, भळाभळा जवारी पडायची. झालं की बोळा पुन्ना घालायचा.

पन भळाभळा पडायचे दिवस सरले हुते. बहात्तरच्या दुस्काळानं ती कनगी तळापतुर चाटूनपुसून नेल्याली. मान्सं तलावाच्या कामावर खडी फोडाया जायाची, रेशनची लाल मिलो जवारी खायाची. तिची भाकरी थापावी तर काठाला भेगा, अन् चावावी तर दाताला राग. एक सुकडी तेवढी ग्वाड. कामावर पोराबाळांसाठी वाटायची. तेवढी चव नंतर कुनाच्या लग्नातल्या बुंदीला बी आली न्हाई, खरं सांगते.

मालन म्हनायची, "कनगी रिकामी आन् मी भरल्याली. घरात एकीनं तरी भरल्यालं असावं."

आन् तिचा एक खेळ हुता. पाठ टेकून बसली की बोटाच्या पेरानं कनगीवर वाजवायचं. टक टक. रिकामी कनगी, घुमायची. मंग पोटातलं लाथ मारायचं. एक न्हाई, दोन. टक टकला दोन लाथा. मालन एकटीच हसायची. "आलं का माझं बेनं वळनावर!" म्हनायची.

२

वळनावर म्हंजी कुठल्या, ते बी सांगितलं पायजे. मालन हुतीच तसली. चौथी शिकल्याली, पाचवीचं पुस्तक शेळीनं खाल्लं म्हनून शाळा सुटली, असं तीच सांगायची. खरं-खोटं शेळीला ठावं. लगीन होऊन आली आन् म्हैन्याच्या आत नवऱ्याच्या, बन्सीच्या, पटक्यात बेडूक निघाला. राहीबाई सुईन पान खायाची, तिच्या चंचीत सुपारीच्या जागी बकरीची लेंडी निघाली. सासू कडूबाई कपाळाला हात लावायची. "देवानं सून न्हाई दिली, माकाड दिलं."

त्या साली पुसाच्या म्हैन्यात कनगी तळाला गेली. तळाची जवारी काढायची तर ल्हान पोर आत सोडायचं, तशीच रीत. पोराच्या कमरेला लुगडं बांधायचं, हातात केरसुनीचा बुडखा द्यायचा आन् वरनं सोडायचं. पोर आतनं झाडतं, दाने भोकाकडं लोटतं, खाली सूप. मालनची पोरगी मुक्ता तवा साडेतीन वर्साची. सोडली आत.

कडूबाई सूप घेऊन भोकापाशी बसल्याली. मालननं वरनं पोरीला खूण केली. आधी शिकवून ठेवल्यालं. आन् कनगीतनं घोगरा आवाज आला, "ए कडे! भूक लागली गं कडे!"

सासूला नाव घेऊन हाक! म्हातारी सुपासकट मागं उताणी. मालन वर हसून हसून पडाया झाली, आन् आत पोरगी खिदळत्याली.

कडूबाईनं उठून लुगडं झटाकलं. हसली न्हाई. "मालन," म्हनाली, "आजपासनं तू आग लागली म्हनून वरडलीस तरी मी पानी आननार न्हाई. आन् आयक, रिकाम्या कनगीत असले आवाज काढू ने. रिकामी जागा आयकत असती."

"मंग आयकू द्या की आत्याबाई. तिला तरी कुठं करमनूक हाय?"

मुक्तीला मातर नाद लागला. उठलं की कनगीत जायाचं. एकदा लोखंडी ट्रंकेवर, तिथनं गोधड्यांच्या वळईवर चढली, तवा मालननं पाठीत दोन धपाटे घातले. पोरगी रडली आन् म्हनाली, "मला बाळासंगं खेळायचंय."

"बाळ हितं हाय गं येडे," मालननं पोट दाखवलं.

पोरीनं पोटाकडं बघितलं, मंग कनगीकडं बघितलं.

३

जेठातली आवस आली. मिरगानं हात दिल्याला, पेरन्या तोंडावर आन् एक बैल दुस्काळात छावनीतच मेल्याला. म्हनून बन्सी घोडेगावच्या बाजाराला गेल्ता, जोडीला बैल बघाया. त्यो अजून आला नव्हता. त्या दिवशी सांजच्याला सूर्याला गिरान हुतं, आन् दिस गिरानातच बुडनार हुता.

शाळेतले शामकांत मास्तर पारावर सांगत हुते, गिरान म्हंजी निसती सावली, चंद्र आड येतो, बास. मालनला ते पटायचं. मास्तरांनी एकदा वर्गात कंदील, लिंबू आन् चेंडू घेऊन दाखवलं बी हुतं. पन सासूपुढं लिंबू-चेंडू चालत न्हाई.

कडूबाईनं सकाळपासनं घरातली धार गोळा केली. इळी, खुरपं, सुया, अडकित्ता, समदं बाहेर पडवीत. पान्यात तुळशीची पानं टाकली. धाब्याला धूर जायाचं भोक हुतं, त्यावर पाटी पालथी घातली. माजघराच्या मधी पाट मांडला.

"बस. ताठ बस. पाठ टेकू नगं. मांडी घालू नगं. खाजवू नगं. गाठ मारू नगं. काई चिरू नगं, तोडू नगं."

"आत्याबाई, दम घेऊ का?"

"घे. पन हळू." म्हातारी काई हसली न्हाई. पाटापुढं उकिडवी बसली. "आयक पोरी. वरच्या आळीच्या विजयमालेनं गिरानात निसता भोपळा चिरला. तिच्या पोराचा फाटल्याला वठ बघितलास न्हवं? जितं तू चिरशील तितं त्याला लागतं. एवढं एक दिस माझं आयक. मंग बाकीचं वरीस माझ्या बोडक्यावर नाच."

मालननं सासूच्या डोळ्यांत पानी बघितलं. रडत्या मानसाची चेष्टा तिला बी करता येत नव्हती. "बसते," म्हनाली. "मुक्तीला कुठं ठिवताय?"

"शेजारच्या रतनबाईकडं सोडलीय. तिची पोरं हायती." म्हातारीनं दार वढलं, बाहेरनं कडी घातली. "न्हाईतर बाहेर येऊन बघत बसशील. दिस बुडाला की मीच काढते."

कडीचा आवाज झाला. मालनच्या कनवटीला गुळाचे तीन खडे हुते, गिरानात चोरून खायाला ठिवल्याले. तीन तास भुकेलं बसायला ती काई येडी नव्हती.

४

डोळे अंधाराला सरावले. दाराच्या फटीतनं उजेडाची एक काडी आत आल्याली. आधी पिवळी. मंग तांबडी. मंग तिला रंगच र्‍हाईना, राखेवानी झाली. बाहेर कावळे अवेळी झाडावर बसले, त्यांचा कालवा आयकू आला आन् एकदम थांबला.

रोज मालन कनगीला पाठ लावून बसायची. आज पयल्यांदाच ती कनगीच्या समोर बसली हुती. समोरनं कनगी मोठी दिसायची. अंधारात तिचं पोट हालल्यावानी वाटायचं. मालननं मनाला सांगितलं, आपन दम घेतो, आपले डोळे हालत्यात, कनगी न्हाई.

आन् मंग तिला बोळा दिसला.

भोकातला बोळा भुईवर पडल्याला. कोरडा, आकसल्याला, चिमनीच्या मेल्याल्या पिल्लावानी. दुपारी झाडलोट केली तवा त्यो भोकात हुता. तिनं हातानं दाबला हुता, चांगलं ध्यानात हुतं तिच्या. उंदरांनी वढला आसंल, म्हनाली मनाशी. पन उंदीर आत वढतो. ह्यो बाहेर लोटल्याला.

टक टक.

कनगीतनं.

मालनचा हात आपसूक पोटावर गेला. सवयच तशी. टक टक झालं की दोन लाथा. तिनं वाट बघितली. पोट गप. शांत. सकाळपासनं किती येळा लाथ मारली, ते ती आठवाया लागली. एकदा बी न्हाई. काल रातच्यापासनं एकदा बी न्हाई.

टक टक. आन् त्यामागं खिदळनं.

"मुक्ते!"

"आई, मी लपले!"

मालनच्या जिवात जीव आला आन् मागनं राग आला. म्हातारी तुळशीची पानं टाकत हुती तवा कार्टी रतनबाईकडनं पळून आली आसनार, ट्रंकेवर चढून आत उडी. "थांब, तुझी आजी येऊ दे. तंगडंच मोडायला लावते."

"आई, गप की. बाळ झोपलंय."

५

मालन हसली. मोठ्यांदी हसली, कारन अंधारात हसल्यालं बरं असतं. पोरगी आपल्यावर गेलीय. आपनच आवाज काढाया शिकवला, आता आपल्यालाच दाखवतीय.

"कुठलं बाळ गं?"

"आपलं."

"काय करतंय?"

"माझ्याकडं बघतंय. उठलं आता." मंग बारीक आवाजात, दुसऱ्या कुनाला सांगितल्यावानी, "आई हाय ती. भिऊ नगं."

भोकातनं मूठ बाहेर आली. ल्हानशी, मातीनं माखल्याली. बोटं उघडली, मिटली. काई मागितल्यावानी. मालन पाटावरनं सरकली, सरकाया काई मना नव्हतं, आन् कनवटीचा एक खडा त्या हातावर ठिवला. हात आत गेला. आतनं चाटल्याचा आवाज. जरा येळानं पुन्ना मूठ आली. मालननं दुसरा खडा दिला. बोटं ओली हुती, गार हुती. कनगीसारखी.

"हावरट," मालन म्हनाली. "गिरानात खातीस. दात पडतील."

आतनं मुसमुसनं आलं. "मला दे की! त्यालाच दिलास दोनदा!"

मालनचा हात तिथंच र्‍हायला. हवेत.

तिनं लई विचार केला. चौथीपतुरचा समदा विचार केला. पोरगी दोन खडे खाऊन तिसरा मागतीय, आन् खोटं बोलतीय. चार वर्साचं पोर गुळापायी खोटं बोलनारच. आपन न्हवतो का बोललो, शेळीनं पुस्तक खाल्लं म्हनून? बरूबर. पन मुक्तीच्या हातात काचेच्या दोन हिरव्या बांगड्या हुत्या. हातावरनं सरकायच्या न्हाईत, आंघोळीला बी काढाया येत नव्हत्या. बाहेर आल्याल्या हाताला बांगडी हुती का? मालननं आठवून बघितलं. किन्न आवाज झाला हुता का?

तिनं तिसरा खडा भोकापाशी भुईवर ठिवला. हातावर न्हाई.

"मुक्ते, हात बाहेर काढ. तुझा."

किन्न वाजलं. हिरव्या बांगड्यांचा हात आला. जाडा, गरम, मुक्तीचा. त्यानं खडा उचलला.

"आई," मुक्ती म्हनाली, "मला बाहेर काढ. त्यो माझ्या अंगावर चढतोय."

६

मालन उठली. सात म्हैन्याचं पोट सावरीत ट्रंकेवर चढली, कनगीच्या तोंडात हात घातला. कोपरापतुर, खांद्यापतुर. नख बी पोचना. आत अंधार, आन् ह्यो वास, जुन्या जवारीचा, पयल्या पावसातल्या पेरनीचा, माहेरच्या कोठाराचा. तिला एकदम आईची आठवन आली, काय कारन नव्हतं. तिनं डोकं झटकलं. गोधडी पडली आसंल आत, म्हनाली. वळई कोसळली आसंल, तीच पोरीच्या अंगावर बसलीय. दुसरं काई न्हाई.

"मुक्ते, तोंडावरची गोधडी बाजूला कर!"

"गोधडी न्हाई गं..." आवाज दबल्याला. उशीत तोंड खुपसून बोलावं तसा.

मालननं दार बडवलं. "आत्याबाई! ओ आत्याबाई! मुक्ती कनगीत पडली!"

पडवीतनं जपमाळेचा आवाज थांबला. "गप बस मालन."

"देवाची आन! गुदमरतीय ती! दार उघडा!"

"पोरगी रतनबाईकडं हाय. मी हातानं सोडलीय. एक दिस, म्हनलं हुतं, एक दिस माझं आयक." म्हातारीचा आवाज रडवेला झाला. "अर्धा तास र्‍हायला गं. कशापायी पोटच्याचा खेळ मांडतीस?"

"आत्याबाई, ही चेष्टा न्हाई!"

"तवा बी असंच म्हनली हुतीस."

म्हनली हुती. बेडकाच्या येळी, लेंडीच्या येळी, दर येळी. मालन दाराला डोकं टेकून उभी र्‍हायली. जन्मात केल्याल्या समद्या चेष्टा अशा कडी लावून बाहेर बसल्या हुत्या.

मागं कनगी गप झाली.

टक टक न्हाई. मुसमुसनं न्हाई. "मुक्ते?" न्हाई. "मुक्ते गं?"

कडूबाईनं समदी धार बाहेर नेली हुती. पन तुळईत खोचल्याला बन्सीचा जुना इळा तिच्या ध्यानात नव्हता. मालनच्या हुता.

तिनं इळा काढला. कनगीपुढं गुडघे टेकले. एक हात पोटावर ठिवला. जितं चिरशील तितं त्याला लागतं. मास्तर म्हनले, सावली हाय. निसती सावली. लिंबू आन् चेंडू.

"एका लेकराला वाचवते," ती पोटाला म्हनाली, "तू जरा बाजूला हो रं राजा." आन् इळा घातला.

७

शेनामातीचे पोपडे पडले. तुरकाठ्या वाळून लोखांड झाल्याल्या, करकर करीत तुटल्या. हातभर चीर पडली. तिसऱ्या-चौथ्या घावाला इळ्याचं टोक आत कशात तरी रुतलं. मऊ. काठी न्हवं ते. 

कोनी वरडलं न्हाई.

तिनं इळा टाकला, दोन्ही हातांनी चीर फाकली, आत हात घातला. झगा हाताला लागला. वढला. मुक्ती बाहेर आली, मातीनं भरल्याली, निळी पडल्याली. मालननं पाठीवर थापटलं. एकदा, दोनदा. पोरगी खोकली आन् भोंगा पसरला. त्या रडन्याएवढं ग्वाड मालननं जन्मात काई आयकलं नव्हतं, सुकडीबी न्हाई. अंधारात तिनं पोरीचं अंग चाचपलं. डोकं, गाल, हात, पाय. कुठं खरचटल्यालं बी न्हाई. ओलं न्हाई.

"मंग लागलं कुनाला?" तिच्या तोंडातनं निघालं.

"त्याच्या कानाला," मुक्ती हुंदके देत म्हनाली. "त्याला बी काढ की आई."

पोट गप हुतं. दगडावानी गप.

आता मालनची जागा कुनी घ्यावी आन् सांगावं, काय केलं असतं. ती भोकाकडं वाकली. "ये रं," म्हनाली. रडत हुती का हसत, तिलाच ठावं न्हाई. "ये रं बाबा. घरी ये." आन् एक बोट भोकात घातलं.

जरा येळ काई न्हाई. मंग पाच ल्हान बोटांनी तिचं बोट धरलं. गार. चिकाट, गुळाची. घट्ट धरलं, जल्मल्यालं पोर धरतं तसं. आन् हळूहळू ती बोटं गरम व्हाया लागली.

त्याच घडीला बाहेर कडी वाजली. दार उघडलं, कंदिलाचा उजेड आत आला. उजेड पयल्यांदा भोकावर पडला, आन् मालनला दिसलं, निसतं एक क्षन. भोकाच्या आत, हाताच्या मागं, एक डोळा. उजेडानं बारीक झाल्याला.

मालननं बोट सोडवलं. हिसका मारून सोडवलं.

त्यासरशी पोटात लाथ बसली. अशी बसली की ती आडवीच झाली.

"अगं माझे बाई," कडूबाई दारात कंदील धरून उभी. मोडल्याली कनगी, मातीनं माखल्याली नात, भुईवर इळा. म्हातारी मटकन खाली बसली. "खरं बोलत हुतीस व्हय गं? खरं बोलत हुतीस?" तिनं सुनंचं तोंड कुरवाळलं आन् दोघी गळ्यात पडून रडल्या. पुन्ना आयुष्यात कधी रडल्या न्हाईत अशा.

नंतर कंदिलानं कनगी बघितली. आत काई नव्हतं. गोधड्या ट्रंकेमागं पडल्या हुत्या, चारीच्या चारी. कनगीत एक बी गेली नव्हती. इळ्याच्या टोकाला तांबूस लागलं हुतं. म्हातारीनं राखेनं पुसलं. "लाल माती," म्हनाली. लिपाया तर पांढरी माती वापरल्याली.

८

पोळ्याच्या दिवशी मालन बाळंत झाली. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज, हलगी, पुरनाच्या पोळ्यांचा वास. बन्सीनं घोडेगावहून आनल्याला बैल झूल घालून दारात उभा. कडूबाई दोन म्हैने देव पान्यात घालून बसली हुती. पोरगं झालं आन् म्हातारीनं राहीबाई सुईनीच्या हातातनं हिसकावूनच घेतलं. उजेडात नेलं. वठ बघितले. टाळू बघितला. हाताची बोटं मोजली, पायाची मोजली.

"टिपूस न्हाई गं," म्हातारी नाचायचीच बाकी हुती. "देवानं राखलं! चिरलंस तरी कुठं ओरखडा बी न्हाई!"

"कान बघा," मालन म्हनाली.

"बघितले."

"दोन्ही बघा. नीट बघा आत्याबाई. मागनं बघा."

"अगं शिंपल्यावानी हायती! चांगले दोन कान!"

मालन भिंतीकडं तोंड करून रडाया लागली. राहीबाई म्हनाली, आनंदाचं हाय, रडू दे. तिच्या चंचीत आज कुनी काई घातलं नव्हतं, तरी ती सवयीनं चाचपून बघत हुती.

सांजच्याला मुक्तीला बाळ दाखवाया आनलं. ती वाकली. लई येळ बघितलं. मंग बोटानं टोपडं सारून त्याचा एक कान उघडा केला, दुसरा केला.

"आई, ह्यो कोन?"

"तुझा भाऊ, सोने."

मुक्तीनं माजघराकडं बघितलं. "आन् त्यो?"

मालननं तिच्या तोंडावर हात ठिवला.

९

पोराचं नाव भिमाजी ठिवलं. गुनाचं पोर. शिकला, साखर कारखान्यात लागला, आईला कधी उलटून बोलला न्हाई. मालननं त्याला काई कमी केलं न्हाई. पोटातनंच आला हुता, जीव लावून वाढवला. पन ल्हानपनी पाळन्याच्या दांडीवर बोटानं टक टक केलं तर त्यो निसता बघायचा. हसायचा न्हाई. लाथ मारायचा न्हाई. दोन-तीनदा करून बघितलं तिनं. मंग सोडून दिलं.

कडूबाई गेली. बन्सी गेला. गावातल्या कनग्या एकेक करून चुलीत गेल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या. मालनची कनगी उभी हाय. चीर तिनं स्वताच्या हातानं लिपली, पांढऱ्या मातीनं, दर वर्साला लिपती. भिमाजी म्हनतो, "आये, काढून टाकू. तिथं फ्रीज बसंल."

"फ्रीजला काय झालंय पडवीत बसाया?" ती म्हनती. "त्याला काय पाव्हन्यांची लाज वाटती?"

चेष्टा सुटली न्हाई तिची. आता तोंडात चार दात, तरी नातवाच्या चपलंत वाटाने घालती. मुक्ती संगमनेरला दिल्याली, दिवाळीला येती. आली की पयल्यांदा हातपाय धुती आन् माजघरात जाऊन जरा येळ बसती. दोघी मायलेकी त्यावर कधी बोलल्या न्हाईत.

बोळा मातर मालननं पुन्ना कधी घातला न्हाई. आन् जेठातल्या आवसंला, सांजच्याला, समदी बाहेर वट्यावर बसली की ती कनगीपाशी जाती आन् भोकापुढं गुळाचे दोन खडे ठिवती. मुंग्यांसाठी, म्हनती कुनी इचारलं तर. मास्तर असते तर मुंग्याच म्हनले असते, आन् तिला बी तेच बरं वाटतं.

पन मुंग्यांना दोन खडे दिले तर दोन्ही नेत्यात. हितं दर वर्साला एकच जातो. दुसरा सकाळी तसाच असतो, भोकापासनं हातभर बाहेर सारल्याला, ओल्या बोटाची खूण घेऊन. मालन त्यो पुसत न्हाई. कागदात गुंडाळती आन् दिवाळीपतुर जपून ठिवती. मुक्तीचा हाय त्यो.